मधली सीट नसलेलं विमान

पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायला निघालेल्या औशाच्या माणसाला बैठकीची मांडणी कुणी शिकवावी लागत नाही. "टू बाय वन आहे का?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि "खालचा बर्थ द्या, आई आहे सोबत" ही दुसरी अट. एसटीच्या बाबतीतही तो असाच जाणता. जुन्या लाल गाडीत एका अंगाला तिघांचं बाक आणि दुसऱ्या अंगाला दोघांचं, निमआराममध्ये दोन्हीकडे दोघांचं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याच्या डोक्यात पक्का नकाशा असतो. चाकावरची जागा नको, सगळ्यात मागचं बाक नको, तिघांत मधे तर नकोच नको.

हाच माणूस विमानाचं तिकीट काढतो तेव्हा मात्र हे सगळं शहाणपण घरी ठेवतो. मोबाइलवर जो आकडा येईल तो मुकाट्याने घेतो. त्यात छोट्या विमानाबद्दल एक अढी असते. पंख्याचं विमान म्हणजे कमअस्सल, मोठ्या शहरातून उडणारं लांबलचक विमान म्हणजे खरं विमान, असा समज मराठवाड्यात सर्रास भेटतो. आवाजाचा आणि वेगाचा विचार केला तर त्यात तथ्य आहे. पण बसायच्या जागेपुरतं पाहिलं, तर आपल्या भागात येणारी छोटी विमानंच उजवी ठरतात.

खुद्द औशाला विमानतळ नाही. लातूरजवळ १९९१ मध्ये विमानतळ बांधला गेला, पण तिथून रोजची प्रवासी सेवा काही रुजली नाही. औशाचं भाग्य असं की गाव मोठ्या रस्त्यावर आहे. एका दिशेला तुळजापूरवरून सोलापूर, दुसऱ्या दिशेला लातूर, अहमदपूर करत नांदेड. दोन्ही टोकांना आज विमान मिळतं. नांदेडच्या विमानतळाचं रूप २००८ मध्ये शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने पालटलं. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतल्या पहिल्या काही सेवांना झेंडा दाखवला गेला, त्यात ट्रूजेटची नांदेड-हैदराबाद सेवा होती. विमान एटीआर-७२, म्हणजे पंख्याचं. त्याच वर्षी डिसेंबरात एअर इंडियाने नांदेड-अमृतसर सुरू केलं आणि तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या भाविकांसाठी मोठं एअरबस इथे उतरू लागलं. ट्रूजेट पुढे बंद पडली. ३१ मार्च २०२४ पासून कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर १७५ हे जेट घेऊन नांदेडला आली. सोलापुरातून जून २०२५ मध्ये फ्लाय-९१ चं एटीआर गोव्याला आणि ऑक्टोबरात स्टार एअरचं विमान मुंबईला उडू लागलं. थोडक्यात, या पट्ट्याने आठ-नऊ वर्षांत तीन जातींची विमानं पाहिली. एटीआर आणि एम्ब्रेअर दोन-दोन मांडणीची, एअरबस तीन-तीन मांडणीचं.

विमानाच्या आतल्या आरामाचं मोजमाप रुंदीपासून सुरू होतं, आणि रुंदी कंपनीच्या हातात नसते. विमान कंपनी सीटचं कापड बदलू शकते, जेवण बदलू शकते, हवाई सुंदरीचा गणवेश बदलू शकते, पण नळकांड्याचा घेर कारखान्यात ठरतो. कित्येकदा तो आपल्या जन्माआधी ठरलेला असतो. बोइंग ७३७ चं उदाहरण घ्या. अकासा एअरने ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर सेवा सुरू केली ती कोऱ्या करकरीत ७३७ मॅक्स विमानांनी. इंजिन नवं, पडदे नवे, रंग नवा. पण त्या विमानाच्या अंगाची बाहेरची रुंदी १४८ इंच, म्हणजे ३.७६ मीटर आहे आणि हा आकडा आला बोइंग ७०७ वरून. ७०७ ची आखणी १९५० च्या दशकातली. तेव्हा प्रतिस्पर्धी डग्लस कंपनीच्या डीसी-८ ची रुंदी १४७ इंच होती, म्हणून गिऱ्हाईक कंपन्यांच्या आग्रहाखातर बोइंगने एक इंच जास्त दिला. एअर इंडियाने १९६० मध्ये हीच ७०७ आणून जेट युगात पाऊल टाकलं. त्या काळच्या त्या चढाओढीतल्या रुंदीत आजही आपण सहा जण ओळीने बसतो. एअरबसने ए-३२० आखलं तेव्हा हा घेर थोडा वाढवला. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानाची आतली रुंदी ३.७० मीटर, ७३७ ची ३.५४ मीटर. सोळा सेंटिमीटर सहा जणांत वाटले तर माणशी जेमतेम इंचभर येतो. ऐकायला फुटकळ वाटतं, पण १७ इंची सीट आणि १८ इंची सीट यांत दोन तास बसून पाहिलेल्या धिप्पाड माणसाला विचारा.

हाच हिशेब आपल्या छोट्या विमानांना लावून पाहू. एटीआर-७२ ची आतली रुंदी २.५७ मीटर, बसणारे चार. माणशी ६४ सेंटिमीटर. एम्ब्रेअर १७५ ची २.७४ मीटर, बसणारे चार, माणशी ६८ च्या वर. ए-३२० मध्ये माणशी ६२ च्या आत, ७३७ मध्ये ५९. परदेशी जायच्या मोठ्या विमानाचं काय? एअर इंडियाच्या बोइंग ७८७ मध्ये रुंदी जवळजवळ साडेपाच मीटर, पण इकॉनॉमीत तीन-तीन-तीन अशी नऊ माणसं. माणशी ६१. आखाती देशांकडे जाणाऱ्या बोइंग ७७७ मध्ये अनेक कंपन्या तीन-चार-तीन अशी दहा माणसं बसवतात. तिथे माणशी हिशेब ५९ सेंटिमीटरच्या आत जातो. ही वाटणी थोडी लबाड आहे, कारण मधली वाटही तिच्यात धरली आहे. चौघांच्या विमानात वाटेचा मोठा हिस्सा प्रत्येकाच्या नावावर चढतो. एटीआरची सीट काही ए-३२० च्या सीटपेक्षा रुंद नसते. पण वाट म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. कडेला बसलेल्याचा खांदा आणि गुडघा तिकडेच मोकळा होतो.

आता हाताच्या दांड्या मोजा. तिघांच्या रांगेत दांड्या चार आणि कोपरं सहा. दोघांच्या रांगेत दांड्या तीन आणि कोपरं चार. तिघांत मधल्याच्या वाट्याला दोन्ही दांड्या द्याव्यात, खिडकीवाल्याला भिंत आहे, कडेच्याला वाट आहे, असा एक अलिखित शिष्टाचार आहे. आपल्याकडे तो कुणी पाळताना दिसत नाही. एम्ब्रेअरमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण मधला माणूसच नाही. प्रत्येकाला एक तर खिडकी, नाही तर वाट. शिवाय या विमानाच्या अंगाचा आकार साधा गोल नाही. दोन वेगवेगळ्या त्रिज्यांचे गोल एकमेकांत घुसवावेत तसा त्याचा छेद आहे. वरच्या गोलाचा फुगवटा बरोबर कोपरांच्या आणि खांद्यांच्या उंचीला येतो. म्हणून खिडकीशी बसलेल्याचं डोकं भिंतीला टेकून वाकडं होत नाही. निव्वळ गोल अंगाच्या छोट्या विमानात भिंत लवकर आत वळते, ते उंच माणसाला जाणवतं.

स्टार एअरचं याहून छोटं विमानही महाराष्ट्र आणि बेळगावच्या लोकांच्या ओळखीचं आहे. एम्ब्रेअर १४५, पन्नास जागांचं. त्याची मांडणी एक-दोन. एका बाजूला एकट्याची सीट, तिला खिडकीही आणि वाटही. ट्रॅव्हल्समधल्या एकट्या बर्थसाठी भांडणाऱ्याला ही सीट दाखवली तर तो दुसरीकडे बसायचा नाही. रुंदी २.१० मीटर, माणशी बरोबर ७०. मात्र छत १.८२ मीटरवर, म्हणजे सहा फुटी माणसाने मान खाली घालूनच चालायचं.

पन्नास हाच आकडा का, याचं उत्तर अभियांत्रिकीत कमी आणि नियमात जास्त आहे. दर पन्नास जागांमागे एक केबिन कर्मचारी लागतो. एक्कावन्नावी जागा वाढवली की दुसरा पगार चालू. स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ मध्ये ७६ जागा आहेत, पुढे १२ बिझनेस आणि मागे ६४ इकॉनॉमी. अमेरिकेतल्या छोट्या मार्गांवरही याच विमानाची हीच मांडणी सर्रास आढळते, कारण तिथल्या मोठ्या कंपन्यांनी वैमानिकांच्या संघटनांशी केलेल्या करारांत जोडकंपन्यांच्या विमानाला ७६ जागांची मर्यादा घातलेली आहे. वैमानिकांना भीती होती की छोटी विमानं स्वस्तात उडवून आपली कामं पळवली जातील. जगातल्या कुठल्या कोपऱ्यातली कामगार वाटाघाट कुठल्या सीटच्या मांडणीत उतरेल, सांगता येत नाही.

तिघांपेक्षा जास्त माणसं एका बाजूला का बसवत नाहीत, हाही नियमच. एकच वाट असलेल्या विमानात वाटेच्या कुठल्याही बाजूला एका रांगेत तीनपेक्षा जास्त जागा ठेवायला परवानगी नाही. म्हणजे बाहेर पडताना कुणालाही जास्तीत जास्त दोघांना ओलांडावं लागावं. म्हणूनच सहानंतरचा सातवा माणूस हवा असेल तर विमानाला दुसरी वाट द्यावी लागते, आणि त्यासाठी घेर एकदम वाढवावा लागतो. वाटेची किमान रुंदीही ठरलेली आहे. गुडघ्याच्या खाली साधारण ३८ सेंटिमीटर आणि वर ५१. ट्रॉली आडवी आली की बॅग घेतलेला माणूस अडकतो तो यामुळे. या सगळ्याच्या मुळाशी ९० सेकंदांची कसोटी आहे. अंधारात, निम्मी दारं बंद ठेवून, भरलेलं विमान दीड मिनिटात रिकामं झालं पाहिजे. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला ए-३८० ची परीक्षा झाली तेव्हा ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर पडले. आपल्याकडे विमान थांबल्यावर वरची बॅग काढायला उठणाऱ्यांची लगबग पाहिली की हा आकडा मोठा गमतीचा वाटतो.

रुंदी कारखान्याच्या हातात, तर लांबी कंपनीच्या. एका सीटच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर मोजतात आणि ते इंचात सांगतात. २८ ते ३२ इंचांच्या दरम्यान आपला इकॉनॉमी वर्ग राहतो. हे अंतर म्हणजे पाय पसरायची जागा नव्हे, कारण त्यातच सीटच्या पाठीची जाडी आली. अलीकडे पाठी पातळ झाल्या आहेत, म्हणून अंतर घटलं तरी गुडघे पूर्वीइतकेच मावतात, असं कंपन्या सांगतात. त्यात थोडं खरं आहे. ज्याच्या पाठीला ती पातळ गादी टोचते त्याला मात्र दुसरी बाजूही कळते. कंपनीचा हिशेब सरळ आहे. तीस रांगांच्या विमानात प्रत्येक रांगेमागचा एक इंच कापला की तीस इंच हाती येतात, म्हणजे एक अख्खी रांग, म्हणजे सहा तिकिटं, दर खेपेला. इंडिगोची ए-३२० विमानं १८० जागांवरून १८६ वर गेली, ती मागचं स्वच्छतागृह आणि पँट्री आटोपशीर करून आणि रांगा सरकवून.

रांगा सरकवता येतात कशा, हे पायाखाली पाहिलं तर दिसतं. सीटच्या पायांजवळ जमिनीत लांबच लांब प्लास्टिकची पट्टी असते. तिच्याखाली धातूचा रूळ असतो आणि त्याला इंचाइंचावर गोल खाचा असतात. सीटचे पाय त्या खाचांत बसवून कुलपासारखे घट्ट करतात. म्हणजे अख्खं विमान रिकामं करून पुन्हा वेगळं मांडता येतं. खिडक्या मात्र हलत नाहीत. त्या विमानाच्या बरगड्यांच्या मधे कोरलेल्या असतात. ए-३२० मध्ये या बरगड्या २१ इंचांवर आहेत. सीटा २९ इंचांवर आणि खिडक्या २१ इंचांवर, मग दोघांचा मेळ बसायचा कसा? कुणाच्या वाट्याला दोन खिडक्या येतात आणि कुणी खिडकीच्या सीटचे जादा पैसे भरून पांढऱ्या भिंतीकडे बघत हैदराबादला पोचतो. रांगेचा क्रमांक निवडण्याआधी त्या विमानाचा नकाशा एकदा पाहावा, हे सांगणं म्हणूनच.

शरीराला त्रास देणाऱ्या काही गोष्टी मात्र सीट बदलून सुटत नाहीत. जेट विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा आतली हवा जमिनीवरच्यासारखी ठेवत नाहीत. साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ होऊ देतात. आठ हजार फूट म्हणजे किती? महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. विमानात बसलेला माणूस हवेच्या हिशेबाने कळसूबाईच्याही बराच वर असतो. तिथे पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं खाऊन निघालेल्याला याचा प्रत्यय येतो, शेजाऱ्यालाही येतो. बोइंग ७८७ चं अंग कार्बन तंतूंचं असल्यामुळे आत जास्त दाब सोसतं, म्हणून तिथे ही उंची सहा हजार फुटांवर आणली आहे. लंडनला चौदा तासांचा वळसा घालून जाणाऱ्यापेक्षा थेट ७८७ ने गेलेला माणूस कमी थकतो, त्याचं हे एक कारण. हवेतला ओलावाही वीस टक्क्यांच्या खाली जातो. मे महिन्याच्या दुपारी औशाच्या किल्ल्यावर उभं राहिलेल्याला त्यात नवल वाटायचं नाही. पाणी पीत राहायचं, एवढंच. उतरताना कानांना दडे बसल्यासारखं होतं. गिळत राहिलं, गोळी चघळली की कान मोकळे होतात. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर किंवा बाटलीने पाजावं. सर्दीने नाक गच्च असेल तर मात्र कानाचा ठणका खरोखर जबर असतो आणि प्रवास पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

कुटुंबाने जायचं असेल तर आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. आगाऊ पैसे भरून जागा निवडली नाही की कंपनीचा संगणक घरातल्या चौघांना चार दिशांना बसवतो, अशी पुष्कळांची तक्रार होती. एप्रिल २०२४ मध्ये विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने कंपन्यांना बजावलं की एकाच तिकिटावर असलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. तसं झालं नाही तर काउंटरवर ठणकावून सांगावं. आपत्कालीन दाराजवळची रांग पायांना ऐसपैस असते, पण तिथे मुलं, गरोदर बाई, वयोवृद्ध किंवा ज्यांना हालचालीला मदत लागते अशा कुणालाही बसवत नाहीत, कारण वेळ आली तर ते दार तिथल्या प्रवाशाने उघडायचं असतं. त्या रांगेच्या पुढच्या रांगेची पाठही बऱ्याचदा मागे झुकत नाही, वाट अडू नये म्हणून. पाय पसरायला मिळतील म्हणून दाराच्या एक रांग पुढे बसणारा दोन्हीकडून फसतो.

आता पंख्याच्या विमानाबद्दल. एटीआरला पंख वर, छताच्या रेषेत असतात. त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खाली पाहिलं तर आड काही येत नाही, रानं, वाड्या, तलाव सगळं स्पष्ट दिसतं. हे विमान जेटच्या निम्म्या उंचीवर उडतं, वेगही ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूर-गोवा अशा अंतरात जेटच्या तुलनेत थोडीच मिनिटं जास्त जातात. आवाज मात्र आहे, आणि सगळीकडे सारखा नाही. पंख्याच्या सहा पात्यांची रेषा जिथे अंगाला छेदते तिथल्या पुढच्या रांगांत तो धडधडत कानात आणि सीटच्या पाठीत येतो. मागे सरकाल तसा उतरतो. ज्यांना उडताना चाकं आत जाताना पाहायची हौस आहे, त्यांनी पंखाखालच्या रांगा घ्याव्यात. एटीआरची चाकं पोटाच्या बाजूच्या फुगवट्यांत दुमडतात आणि खिडकीतून ती अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा खेळ चुकवू नये.

एटीआरमध्ये पुढे सामान भरतात आणि प्रवासी मागच्या दाराने चढतात, उतरतात. पंख वर असल्यामुळे अंग जमिनीच्या जवळ आहे, म्हणून दारालाच जोडलेल्या मोजक्या पायऱ्या पुरतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला मोठ्या विमानाच्या उंच शिडीपेक्षा हे सोपं पडतं. आणि एसटीत जे सगळ्यात मागचं बाक नको असतं, तेच इथे मागून घ्यावं. मागच्या रांगेचे लोक सगळ्यांत आधी बाहेर पडतात, सोलापूरला उतरून तुळजापूरमार्गे लातूरची गाडी गाठायची असेल तर हे सोयीचं. स्वच्छतागृहही मागेच आहे, तेवढा शेजार सोसावा लागतो.